अनॉन म्हणजे लगेच

१

मृणाली पाटील भिवंडीच्या एका ज्युनिअर कॉलेजात इंग्रजी शिकवायची. कॉलेजच्या मागच्या गल्लीत सगळे लूमचे कारखाने. त्यांच्या खडखडाटावर आवाज चढवून अकरावीच्या मुलांना कविता समजावायची म्हणजे घशाचं काम. दुपारी सुटली की ती शेअर रिक्षानं अंजूरला यायची आणि घरी येऊन चप्पल काढेपर्यंत तिच्या कानात लूमच चालू असायचे.

घर मोठं, नवं, फरशी लावलेलं. समोर रस्त्यापलीकडे गोदामांची रांग. तिचा नवरा भावेश त्या गोदामांचं बघायचा. एके काळी तिथं भात पिकायचं, हे आता सांगावं लागे. घरामागे खाडीच्या बाजूला तेवढा एक तुकडा मोकळा राहिला होता. भरतीचं पाणी आत शिरून तो खारा झाला होता, त्यामुळे तिथं ना पीक येई, ना कुणी गोदाम बांधायला धजे.

त्या तुकड्याकडे उघडणाऱ्या मागच्या खोलीत तिच्या सासऱ्यांचा, केसरीनाथांचा, पलंग होता. उन्हाळ्यात त्यांना मोठा झटका येऊन गेला होता. ठाण्याच्या डॉक्टरांनी भावेशला बाजूला घेऊन सांगितलं होतं, की हृदयात फारसं काही उरलेलं नाही, घरी न्या आणि खुशीत ठेवा. केसरीनाथांना हे कुणीच सांगितलं नव्हतं, आणि त्यांना ते पक्कं ठाऊक होतं.

सासरा-सुनेची एक रीत होती. मृणाली ताट घेऊन आली की ते विचारायचे, आज काय शिकवलंस, बाय? मग तिनं त्यांना एक इंग्रजी शब्द द्यायचा. केसरीनाथ मॅट्रिकला इंग्रजीत नापास झाले ते झालेच. पुढचा जन्म सुताला खळ लावणाऱ्या एका सायझिंग कारखान्यात गेला. पण इंग्रजीवर त्यांनी राग धरला नाही. लग्नाला न बोलावणाऱ्या भावकीची करावी तशी ते तिची चौकशी करत राहिले.

त्या दिवशी शब्द होता अनॉन.

तो आता कुणी बोलत नाही, फक्त जुन्या कवितांत सापडतो, असं तिनं सांगितलं. धड्यातल्या कवितेत नदीपलीकडून कुणीतरी बोलावतं आणि कवी उत्तर देतो, अनॉन. अर्थ विचाराल तर गंमत आहे. मुळात त्याचा अर्थ लगेच, आत्ताच्या आत्ता. आपलं एकदम कसं, एका दमात, तसं. पण माणसं हाकेला ओ देताना अनॉन म्हणायची आणि हातातलं काम चालूच ठेवायची. असं शेकडो वर्षं चाललं. शेवटी शब्दाचाच अर्थ झिजला आणि त्याचा अर्थ झाला, थोड्या वेळानं.

केसरीनाथ हसले. त्यांना हसायची बंदी होती, तरी हसले. म्हणाले, "म्हंजे आपल्या भावेशचं आलोच."

"अगदी तेच, बाबा."

त्यांनी तो शब्द जिभेवर दोन-चार वेळा फिरवला. मग घास घेतला आणि तो न चावता बराच वेळ दाराबाहेर बघत बसले.

२

पुढचे काही दिवस घरात त्या शब्दाची चंगळ झाली. सासूबाई, धोंडूबाई, गोळी घ्यायला हाक मारायच्या आणि म्हातारा आतून म्हणायचा, अनॉन. आंघोळीचं पाणी काढलं, तरी अनॉन. मृणालीची दुसरीतली लेक करिष्मा तर आजोबांना उगीचच हाका मारायची, फक्त तो शब्द ऐकायला. धोंडूबाई वैतागल्या. त्यांनी मृणालीला विचारलं, हे कसलं गो अननस शिकवलंस त्यांना? त्यावरही सगळे हसले. आजारी माणसाच्या घरात एवढं हसू म्हणजे पुष्कळच.

भाद्रपद संपत आला होता आणि लोडशेडिंग वाढलं होतं. दुपारची जेवणं उरकायची आणि लाइट जायची. त्या दिवशीही गेली. पंखा फिरत फिरत थांबला. फ्रिज हुंकार देऊन गप्प झाला. समोरच्या गोदामातल्या ट्रकचं इंजीनही नेमकं तेव्हाच बंद पडलं. मृणाली स्वयंपाकघरात पेपर तपासत होती. धोंडूबाई शेजारी गेल्या होत्या, करिष्मा शाळेत.

मागच्या खोलीतून केसरीनाथांचा आवाज आला. "अनॉन."

मृणालीनं लाल पेन खाली ठेवलं. घरात दुसरं कुणी नव्हतं आणि तिनं हाक मारलेली नव्हती.

तिला आधी वाटलं, झोपेत बडबडले असतील. मग जाणवलं ते असं, की हा त्यांचा गमतीचा आवाज नव्हता. करिष्माला अनॉन म्हणताना ते शेवटचा ऑ लांबवायचे, नाटकातल्यासारखा. आताचा शब्द आखूड होता आणि अदबीचा. कारखान्याचा मालक दारात आल्यावर ते जसं बोलले असते, तसा.

ती खोलीत गेली. केसरीनाथ उशीला टेकून बसले होते. मागचं दार सताड उघडं होतं आणि बाहेर खाऱ्या तुकड्यावर ऊन पडलं होतं. तिथं माणूस काय, बगळाही नव्हता.

"बाबा, कुणाशी बोलत होता?"

"हाक आलती," ते म्हणाले.

"कुणाची?"

 त्यांनी पाणी मागितलं, तिनं दिलं. ग्लास धरलेला त्यांचा हात थरथरत नव्हता. गेले कित्येक महिने तो थरथरत होता, हे तिच्या फार नंतर लक्षात आलं.

३

संध्याकाळी गोदामाच्या फाटकाशी मोरू मेलेला सापडला.

मोरू पडघ्याकडचा. गोदामाची राखण करायचा आणि फाटकाजवळच्या खोलीत राहायचा. चांगला दणकट गडी, चाळिशीही न ओलांडलेला. खुर्चीवर बसल्या बसल्या गेला. ट्रकवाल्यानं बराच वेळ हॉर्न दिला, मग उतरून खांद्याला धरून हलवलं, तेव्हा तो कलंडला. त्याची बायको आली आणि फाटकाला धरून रडली. भावेशनं सगळं केलं, गाडी दिली, गावापर्यंत स्वतः गेला. परत आल्यावर म्हणाला, मोरू प्यायचा थोडी, लिव्हर गेलं असेल.

धोंडूबाईंनी ही बातमी नवऱ्याला सांगू नका म्हणून सगळ्यांना बजावलं होतं. पण मृणाली रात्रीची गोळी द्यायला गेली, तेव्हा केसरीनाथांनी आपणहून विचारलं, समोर कोन गेला? तिनं सांगितलं. त्यांनी गोळी गिळली. मग म्हणाले, मोरूला पोरं हायेत ना दोन. आणि कूस बदलून घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते कुणाच्या आधाराशिवाय मोरीपर्यंत गेले.

४

आश्विन लागला तसे म्हातारबा खरंच सुधारत गेले. पायांची सूज उतरली. तांदळाची भाकरी मागून खाऊ लागले. दाढी करताना आरशात बघून शीळ घालायचे. धोंडूबाईंनी देवीला नारळ वाहिला. अंगणातल्या बायकांना त्या कौतुकानं सांगायच्या, सुनेच्या हाताला गुन हाय.

असंच एका दुपारी लाइट गेली. या वेळी मृणाली शेजारच्याच खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होती. मधलं दार अर्धवट उघडं होतं. पंखा थांबला, आणि मग बाहेरचे आवाजही एकेक करून थांबत गेले. आधी कोंबड्या, मग रस्त्यावरच्या रिक्षा. शेवटी शेजारचा रेडिओ, तोही गाण्याच्या मध्येच. लाइट गेली म्हणून रेडिओ थांबला असेल, असं तिनं मनाशी म्हटलं. पण तो रेडिओ सेलवरचा होता.

त्या शांततेत तिनं कान देऊन ऐकलं. हाक आली नाही. तिला तरी ऐकू आली नाही. दाराच्या फटीतून तिला सासऱ्यांची फक्त मान दिसत होती. ती हळूहळू मागच्या दाराकडे वळली आणि थोडी तिरकी झाली. कुणी दुरून नाव घेतलं तर माणूस असाच वळतो.

"अनॉन," केसरीनाथ म्हणाले. आणि मग हात जोडले.

रेडिओ पुन्हा सुरू झाला. रिक्षा गेल्या.

धोंडूबाई तेव्हा मागच्या पायरीवर सुकट निवडत बसल्या होत्या. त्या खोलीपासून चार हातांवर. मृणालीनं चहासाठी हाक मारली, त्यांनी ओ दिली नाही. सूप मांडीवर तसंच होतं. एक मांजर त्यातली सुकट खात होती आणि तिला कुणी हाकलत नव्हतं.

५

डॉक्टर म्हणाले, बीपी. ते खरंही होतं. धोंडूबाईंचं बीपी वरच असायचं आणि गोळ्यांच्या बाबतीत त्या नवऱ्यापेक्षा आळशी होत्या. मृणालीनं स्वतःला हे पुन्हा पुन्हा समजावलं. ती शिकलेली बाई होती. एका माणसाला भास होतात, कारण त्याच्या मेंदूला रक्त कमी पडतं. दोन माणसं मरतात, कारण माणसं मरतात. दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी घडल्या म्हणून त्यांची गाठ बांधायची नसते. वर्गात निबंध तपासताना ती मुलांना हेच सांगायची.

पण ज्या गोष्टीची गाठ बांधायची नसते, ती मन बांधतंच. मोरू रस्त्यापलीकडे होता. धोंडूबाई पायरीवर होत्या.

आईच्या तेराव्यानंतर भावेश वडिलांना ठाण्याला तपासणीला घेऊन गेला. संध्याकाळी आला तो पेढे घेऊन. सुतकाच्या घरात पेढे कसले, म्हणून त्यानं ते फ्रिजमागे ठेवले. पण त्याला आनंद लपवता येत नव्हता. डॉक्टरांनी दोनदा मशीन लावलं म्हणे, आणि म्हणाले, हे त्याच माणसाचं हृदय आहे का? मृणालीनं बरं झालं म्हटलं आणि चहा ठेवला. केसरीनाथ ओट्याशी उभे होते. सरळ, ताठ. त्यांच्या गालांवर रंग आला होता. बायको जाऊन पंधरवडाही झालेला नसलेल्या माणसाच्या गालांवर तो बघवत नव्हता.

कॉलेजात सुट्टीच्या आधीची उजळणी चालू होती. पहिल्या बाकावरच्या मुलीनं विचारलं, मॅडम, अनॉनचा अर्थ लगेच घ्यायचा की नंतर, हे ओळखायचं कसं? मृणालीनं ठरलेलं उत्तर दिलं, की संदर्भावरून. मुलीचं समाधान झालं नाही. म्हणणारा नंतर या अर्थानं म्हणाला आणि ऐकणाऱ्यानं लगेच असं ऐकलं तर?

मागच्या गल्लीत लूम खडखडत होते. मृणाली खडू हातात धरून उभी राहिली. मुलांना वाटलं, मॅडमना सासूची आठवण आली. ती मुलं चांगली होती, गप्प बसली.

६

दिवाळीची सुट्टी लागली. घरात दिवाळी नव्हतीच. मृणालीनं भावेशला सांगितलं, की करिष्माला सुट्टीभर खारबावला माझ्या आईकडे ठेवू या. त्याला कारण कळेना. बाबा एकटे पडतील म्हणाला. तिनं खरं कारण सांगायचा एकदा प्रयत्न केला, पण तोंडातून निघाल्याबरोबर ते इतकं खुळ्यासारखं वाटलं, की तिनंच हसण्यावारी नेलं. अखेर भाचीला न्यायला मामा उद्या येईल, असं ठरलं.

त्याच सकाळी भावेश गोदामावर गेल्यावर ती सासऱ्यांच्या खोलीत गेली. करिष्मा पुढच्या अंगणात खेळत होती. मृणालीनं दोन्ही दारं लोटली आणि स्टूल ओढून बसली. सरळ विचारलं, की दुपारी कोण येतं?

त्यांनी आढेवेढे घेतले नाहीत. कोण ते त्यांना सांगता येत नव्हतं. आवाज ओळखीचा वाटतो, पण कुणाचा ते आठवत नाही, एवढंच म्हणाले. नाव घेतो. पूर्ण नाव, बापासकट.

"तुम्ही त्याला ओ देऊ नका," ती म्हणाली. "गप्प राहा."

"गप राह्यलं तर उंबऱ्यावर येतो. न्हाय म्हनलं तर ऐकत न्हाय. येतो म्हनलं तर न्हेतो." केसरीनाथांनी तिच्याकडे बघितलं. त्यांच्या डोळ्यांत लाज होती, आणि लाजेच्या खाली काहीतरी फार चिवट. "तुजा शबूद बरा हाय, बाय. दोनीच्या मधला. तो ऐकला का माघारी फिरतो."

"रिकामा फिरतो?"

त्यांनी पांघरूण ओढून घेतलं. तिनं पुन्हा विचारलं.

"रिकामा कसा जाईल?" ते हळूच म्हणाले. "लांबशी आलेला असतो."

मृणाली स्टुलावर पुढे सरकली. तिनं सासूचं नाव घेतलं. म्हणाली, आई पायरीवर बसल्या होत्या, तुम्हाला दिसत होत्या. यावर म्हाताऱ्याचा चेहरा पिळवटला आणि ते रडू लागले. आवाज न करता, लहान मुलासारखे, खालचा ओठ पुढे काढून. म्हणाले, मी काय तिचा जीव मागितला? मी थोडा वेळ मागितला. मराचं भेव वाटतं गो. ज्याला हाक येत न्हाय, त्याला हे कलायचं न्हाय.

तिनं त्यांचे डोळे पुसले. तिला त्यांची दया आली, हे खोटं नव्हतं. या घरात सून म्हणून आली तेव्हा नोकरी सोडू नको म्हणणारा हा एकटाच माणूस होता. तिनं त्यांच्याकडून वचन मागितलं, की आता पुन्हा तो शब्द काढायचा नाही. त्यांनी तिच्या हातावर हात ठेवला. तो हात ऊबदार होता आणि त्याची पकड एखाद्या जवान माणसाची होती.

हो मात्र ते म्हणाले नाहीत.

७

त्या दुपारी मृणालीनं करिष्माला डोळ्यांआड होऊ द्यायचं नाही, असं ठरवलं होतं. पण मामाकडे न्यायचे कपडे काढायला ती वर गेली आणि तेवढ्यात लाइट गेली.

पंख्याची घरघर उतरत गेली तशी ती जिन्यावरून धावली. पुढचं अंगण रिकामं होतं. चटई, बाहुली, पोरगी नाही. ती मागच्या खोलीच्या दाराशी आली आणि तिथंच थबकली.

करिष्मा आजोबांच्या पलंगाशेजारी जमिनीवर झोपली होती. फरशी गार लागते म्हणून ती उन्हाच्या दिवसांत अशीच कुठंही झोपायची, दोन्ही हात उशाशी घेऊन. मागचं दार उघडं होतं. कोंबड्या गप्प झाल्या. मग रिक्षा. घरातलं घड्याळ चालू होतं का, हे मृणालीला नंतर कितीही आठवून सांगता आलं नाही.

केसरीनाथांची मान दाराकडे वळली आणि तिरकी झाली.

त्या क्षणी मृणालीनं काही ठरवलं नाही. ती नंतर स्वतःला हेच सांगायची, की आपण ठरवलं नव्हतं. ती खोली ओलांडून गेली, पलंगाच्या उशाशी उभी राहिली आणि आपला उजवा तळवा तिनं सासऱ्यांच्या तोंडावर ठेवला. मग दाबला. मग डाव्या हातानं त्यांचं डोकं आपल्या पोटाशी धरलं, ताप आलेल्या मुलाचं धरतात तसं.

त्यांचे डोळे वर वळले आणि तिच्यावर स्थिरावले. ते झगडले. हात तिच्या मनगटावर आला, बांगडी फुटली. तिनं हात काढला नाही. ती दाराकडे बघत होती.

दारात कुणी नव्हतं. बाहेर पांढरं ऊन होतं. पण दारातून आत फरशीवर एक सावली पडली होती. दाराची नव्हे, माणसाची. ती लांबट होती आणि तिचं टोक झोपलेल्या करिष्माच्या पायांपर्यंत आलं होतं. मृणाली बघत असतानाच ती सावली कमरेतून वाकली. एखादा हळू बोलत असला आणि नीट ऐकू येत नसलं, की आपण जसं वाकून कान पुढे करतो, तशी.

तळव्याखाली केसरीनाथांचे ओठ हलले. मृणालीला ते स्पष्ट जाणवलं. ओठ मिटले आणि उघडले. पुन्हा मिटले आणि उघडले. आणि त्या तसल्या वेळीही तिच्या मनातल्या शिकवणाऱ्या बाईनं नोंद घेतली, की अनॉन म्हणताना ओठ मिटत नाहीत. ओठ मिटतात ते ब ला आणि म ला. ते बाय म्हणत होते, नाहीतर मृणाली. तिला मदतीला बोलावत होते, की तिचं नाव त्या वाकलेल्याला सांगत होते?

तिनं हात आणखी दाबला.

मग मनगटावरची पकड सैल झाली. सावली सरळ झाली आणि फरशीवरून हळूहळू मागे सरकत उंबऱ्याबाहेर गेली. वर पंखा फिरू लागला.

८

गाव जमलं. बायका म्हणाल्या, पुण्यवान माणूस, झोपेत गेला, बायकोमागोमाग गेला. भावेश लहान मुलासारखा रडला. त्याला डॉक्टरांचं बोलणं पुन्हा पुन्हा आठवत होतं. अंघोळ घालताना म्हाताऱ्याच्या गालावर बोटांचे वळ होते, ते कुणी पाहिले नाहीत, किंवा पाहिले आणि बोलले नाहीत. फुटलेल्या बांगडीचे तुकडे मृणालीनं आधीच गोळा करून टाकले होते.

दिवस मावळायच्या आत न्यायचं ठरलं. पुरुष माणसं खाडीकडच्या वाटेनं निघाली. पुढे मडकं धरलेला भावेश. मागच्या दारातून ती वाट दिसते. ते सगळे खाऱ्या तुकड्याच्या कडेनं लहान लहान होत गेले.

बायकांनी घर धुऊन काढलं, दिवा लावला आणि त्या एकेक करून आपापल्या घरी गेल्या. मृणाली मागच्या खोलीत भिंतीला टेकून बसली होती. तिचा उजवा हात तिच्या मांडीवर उताणा पडला होता आणि तो आपला आहे असं तिला वाटत नव्हतं. तरी मनाच्या तळाशी काहीतरी निवांत झालं होतं. संपलं, असं ती स्वतःशी म्हणाली. ज्याचं होतं, ते तो घेऊन गेला.

करिष्मा येऊन तिला चिकटून बसली. दिवसभर पोरगी गप्प होती. सगळ्यांना वाटलं, घाबरली असेल.

"आई," ती म्हणाली, "मी दुपारी झोपले नव्हते."

मृणालीनं तिच्याकडे बघितलं.

"मी नुसती पडले होते, डोळे किलकिले करून. दारात कुणीतरी आजोबांना हाक मारत होतं ना? मग तू त्यांचं तोंड धरलंस." पोरीच्या आवाजात तक्रार नव्हती. झालेलं सांगत होती. "मग त्यांना बोलताच येईना. आणि ते हाक मारणारे दारात थांबून राहिले. म्हणून मीच हळूच ओ दिली."

बाहेर अंधारून येत होतं. मृणालीनं विचारलं, आणि विचारताना आपला आवाज तिला दुसऱ्या खोलीतून आल्यासारखा वाटला, की काय म्हणालीस?

"मी म्हटलं, आईला विचारून येते."

खाडीकडून वारा आला. दिव्याची ज्योत आडवी झाली आणि पुन्हा उभी राहिली. करिष्मानं दाराकडे मान वळवली. मान थोडी तिरकी झाली.

"परत विचारतायत," ती म्हणाली. "जाऊ का?"

मृणालीला ओरडून नाही म्हणायचं होतं. पण नाही म्हटलेलं तो ऐकत नाही, हे तिला सकाळीच कळलं होतं. हो तर जिभेवर येणं शक्य नव्हतं. तिनं पोरीला ओढून मांडीवर घेतलं. कोपऱ्यात कंगवा होता, तो उचलला. तिनं केसांची रिबीन सोडली.

"थांब," ती म्हणाली. दाराला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाली. "आधी तुझी वेणी घालू दे."

ती केस विंचरू लागली. हळूहळू, एकेक बट सोडवत. कंगव्याचा आवाज तेवढा ऐकू येत होता. बाहेर कोंबड्या गप्प होत्या आणि रस्त्यावर एकही रिक्षा नव्हती. मग कुणीतरी माघारी फिरावं तसं बाहेरचं वाळकं गवत सळसळलं आणि ती सळसळ घरापासून दूर, खाडीच्या वाटेनं जात राहिली.

भावेश अजून स्मशानातून परतला नव्हता.